वकिली शिकायची, तर राहायचं कुठे?

सीईटीच्या प्रवेशफेऱ्या सरत आल्या की लातूर, कणकवली, साताऱ्याकडच्या पालकांचा एकच प्रश्न असतो: कॉलेजजवळ खोली मिळेल का? चर्चगेटला कॉलेज लागलं की चर्चगेटच्या आसपास पाहायचं, नाही परवडलं तर एकेक स्टेशन मागे सरकत जायचं. डोंबिवली, विरार हे त्या सरकण्याचे शेवटचे मुक्काम. इंजिनीअरिंगच्या किंवा मेडिकलच्या मुलासाठी हा हिशेब ठीक आहे, कारण त्याचा सगळा दिवस एकाच आवारात जातो. कायद्याच्या विद्यार्थ्याचं तसं नसतं. त्याचे तास संपतात तिथे त्याचं निम्मं शिक्षण सुरू होतं. ते कोर्टात होतं, सीनियरच्या चेंबरमध्ये होतं, ग्रंथालयात होतं आणि उरलेलं रात्री खोलीवर. म्हणून खोली कॉलेजपासून किती लांब आहे हे मोजण्यापेक्षा ती या सगळ्या जागांच्या मधोमध पडते का, हे पाहायला हवं. मुंबईच्या नकाशावर असा मध्य शोधू लागलं की बोट ज्या ठिकाणी टेकतं, ते ठिकाण बहुतेकांच्या यादीतच नसतं: माझगाव.

माझगावाकडे वळण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण हा प्रश्न आजचा नाही. कायदा शिकणं आणि राहणं या एके काळी वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. लंडनमधल्या इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन आणि ग्रेज इन या चार संस्थांत शतकानुशतकं वकिलीचे उमेदवार राहत, वकिलांच्या पंक्तीला जेवत आणि त्यांचे वाद ऐकत तयार होत. एकोणिसाव्या शतकापर्यंत राहण्याची सक्ती गेली, जेवणाची मात्र उरली. बॅरिस्टर व्हायचं तर बारा सत्रं भरायची आणि प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा तिथल्या पंक्तीला हजर राहायचं. या प्रथेला पुढे अनेकांनी नावं ठेवली. पण तिच्यामागची समजूत खरी होती: या व्यवसायातलं पुष्कळसं ज्ञान जुन्या वकिलांच्या सहवासातून येतं.

मोहनदास गांधी १८८८ ते १८९१ या काळात इनर टेंपलचे विद्यार्थी होते. आत्मकथेत त्यांनी आपल्या खोल्यांचा हिशेब मोकळेपणाने दिला आहे. सुरुवातीला ते एका कुटुंबात पैसे भरून राहत. खर्च हाताबाहेर जातोय असं वाटल्यावर त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या आणि एक नियम केला: कामाचं ठिकाण अर्ध्या तासाच्या चालीवर असेल तिथेच खोली. काम बदललं की खोली बदलायची. गाडीभाडं वाचलं आणि रोजचं चालणंही झालं. बॅरिस्टर होऊन मुंबईत आल्यावर गिरगावात राहत असतानाही त्यांनी तेच केलं. हायकोर्टात पोचायला पाऊण तास लागे, तो ते बहुधा चालतच काढत आणि परतही चालतच येत.

याच माणसाने दहा वर्षांनी उलटा निर्णय घेतला, आणि मला तो जास्त शिकवणारा वाटतो. दक्षिण आफ्रिकेतून परतून १९०२ साली त्यांनी मुंबईत वकिलीचं बस्तान मांडलं. कचेरी फोर्टात, घर पुन्हा गिरगावात. मुलगा मणिलाल गंभीर आजारी पडला. तो बरा झाला, पण ते घर दमट आहे, त्यात पुरेसा उजेड नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. मग ते सांताक्रूझला मोकळ्या हवेच्या बंगल्यात गेले आणि चर्चगेटपर्यंत पहिल्या वर्गाचा पास काढला. जलद गाडी धरण्यासाठी ते कधी कधी सांताक्रूझहून बांद्र्यापर्यंत चालत जात. म्हणजे जवळ राहण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसानेही उजेड आणि कोरडी हवा यांच्यासाठी अंतर पत्करलं. कोणत्याही दलालाच्या जाहिरातीत न सापडणारा क्रम इथे आहे. आधी आरोग्य, मग चालत जाता येणं, भाडं त्यानंतर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट याहून कठीण आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकताना त्यांचं कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होतं. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात त्या खोलीचं वर्णन आहे: भांडीकुंडी, धूर, दाटी, उशाशी जातं आणि पायाशी शेळी. भीमरावांनी लवकर झोपायचं आणि वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागं राहून त्यांना उठवायचं, मग वडिलांनी आडवं व्हायचं. त्या घरात अभ्यासाची खोली नव्हती, म्हणून अभ्यासाची वेळ निर्माण केली गेली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांबरोबर राहून परीक्षा देणाऱ्या आजच्या मुलांनी हा उपाय लक्षात ठेवावा. गजबजलेल्या घरातली शांतता बहुधा मध्यरात्रीनंतरच मिळते.

पुढे ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले. १८९६च्या प्लेगनंतर शहराची दाटी कमी करण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेल्या या चाळी. माझगावातही त्या आहेत. परदेशी पदव्या घेऊन १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेलेल्या या माणसाला तिथे राहायला जागा मिळाली नाही. पारशी खानावळीत ओळख लपवून राहावं लागलं आणि ती उघड झाल्यावर बाहेर पडावं लागलं. लंडनला दुसऱ्यांदा गेल्यावर ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहिले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं आणि आज तिथे स्मारक आहे. त्या वास्तव्यात दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई, खोली झोपण्यापुरती आणि रात्रीच्या वाचनापुरती. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन ते परतले, हायकोर्टात वकिली सुरू केली आणि तीही परळच्या चाळीतूनच. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा त्यांच्यामागे परळ ते फोर्ट या अंतराचा अनेक वर्षांचा अनुभव होता.

हे शासकीय विधी महाविद्यालय, म्हणजे जीएलसी, १८५५ सालचं. आशियातलं सर्वांत जुनं कायदा महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं आणि चर्चगेटच्या ‘ए’ रोडवर आहे. जवळच के. सी. लॉ कॉलेज. फोर्टात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ विधी महाविद्यालय. माटुंगा रोड स्टेशनजवळ न्यू लॉ कॉलेज. बांद्रा आणि विलेपार्ल्यातही कॉलेजं आहेत. २०१४ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ पवईत आहे. ते निवासी, त्यामुळे तिथल्या मुलांपुढे हा प्रश्न फारसा येत नाही. बाकीच्यांपुढे येतो, आणि अडचणीच्या वेळी येतो. सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्या लांबतात. पहिल्या फेरीत माटुंगा लागलेल्याला तिसऱ्या फेरीत चर्चगेट लागू शकतं. तोवर चांगल्या वसतिगृहांचे अर्ज बंद झालेले असतात. म्हणून शेवटचं वाटप हाती येईपर्यंत अकरा महिन्यांचा करार आणि मोठी अनामत यांत अडकू नये. महिनाभर नातेवाइकाकडे किंवा महिन्याच्या बोलीवर काढावा. वसतिगृहाचे अर्ज मात्र कॉलेज ठरायच्या आधीपासून भरत राहावेत.

आता कोर्टांचा नकाशा. हायकोर्टाची इमारत १८७८ साली पुरी झाली. ओव्हल मैदानाकडे तोंड करून ती उभी आहे, आणि नगर दिवाणी व सत्र न्यायालय तिथून पायी काही मिनिटांवर. एस्प्लनेड कोर्ट, ज्याला सगळे किल्ला कोर्ट म्हणतात, सीएसएमटीच्या बाजूला. भाडेकरू-घरमालकांचे दावे चालतात ते लघुवाद न्यायालय धोबीतलावला. कौटुंबिक न्यायालय बांद्रा-कुर्ला संकुलात. आणि माझगावात, सरदार बलवंतसिंग धोडी मार्गावर, म्हणजे जुन्या नेस्बिट रोडवर, माझगाव कोर्ट. तिथे मॅजिस्ट्रेट कोर्टं आहेत आणि सत्र न्यायालयाचीही शाखा आहे. त्याच रस्त्यावर जीएसटी भवन आहे, पूर्वीचं विक्रीकर भवन. करांच्या कायद्यात रस असलेल्या मुलाला एवढ्या जवळ यापेक्षा मोठी प्रयोगशाळा मिळणार नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप घातली आहे. मुंबईतली मुलं याच्या कितीतरी पट करतात, हे या शहराचं वैशिष्ट्य. सकाळी तास, मग पांढरा शर्ट आणि काळा कोट घालून कोर्ट, संध्याकाळी चेंबर. पुण्याच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याला सुट्टीत मुंबईला येऊन जे करावं लागतं, ते इथला विद्यार्थी भर सत्रात करू शकतो. अट एकच: त्याचे दोन-अडीच तास लोकलमध्ये जाता कामा नयेत.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड स्टेशन. तिथून सँडहर्स्ट रोड, मशीद आणि सीएसएमटी, म्हणजे तिसरं स्टेशन. पश्चिमेच्या बाजूला चालत गेलं की भायखळा, तिथून मध्य रेल्वेची मुख्य लाइन. सीएसएमटीहून हायकोर्ट पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आणि चर्चगेटची कॉलेजं त्याच्या थोडी पुढे. गाड्या बंद पडल्या तरी बेस्टची बस आहे, आणि अगदीच वेळ आली तर फोर्टातून चालत घरी येता येतं. २६ जुलै २००५च्या पावसात ज्यांनी रात्र कचेऱ्यांत आणि गाड्यांत काढली, त्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत कळेल. नवी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. तिची स्टेशनं गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी आहेत. माझगाव तिच्या वाटेवर नाही. गिरगावच्या खोल्या त्यामुळे महागतील, माझगावच्या कदाचित तेवढ्या नाहीत, असा माझा कयास आहे.

या वस्तीचं वकिलीशी जुनं नातं आहे. भंडारवाडा टेकडीवर पाण्याच्या जलाशयावर जी बाग आहे, तिला जोसेफ बाप्टिस्टा यांचं नाव आहे. काका बाप्टिस्टा १८६४ साली इथल्याच माथारपाखाडीत जन्मले. लाकडी जिने, व्हरांडे आणि क्रूस असलेली ही ईस्ट इंडियन गल्ली आजही उभी आहे. ते बॅरिस्टर झाले, टिळकांचे निकटचे सहकारी बनले, १९१६च्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, कामगार चळवळीत उतरले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. गोदीतल्या कामगारांचे प्रश्न त्यांच्या घराच्या दारातच होते. वकील कोणत्या वस्तीत राहतो, यावरून त्याच्याकडे कोणती आशिलं येणार हे पुष्कळदा ठरतं. विद्यार्थ्यालाही ते लागू आहे. माझगाव, परळ, लालबाग इथे राहणाऱ्याच्या कानावर पागडी, ट्रान्झिट कॅम्प, गिरणीकामगारांची घरं, जुन्या चाळींचा पुनर्विकास हे विषय पाठ्यपुस्तकाआधीच पडतात.

माझगाव कोर्टात एक सकाळ घालवावी असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कोणाचं पत्र लागत नाही. दाराबाहेर दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. वकील बोट फिरवत आपला नंबर शोधत असतात. शिपाई पुकारा करतो. कोणाची तारीख पडते, कोणाचा जामीनअर्ज येतो. जामीन मंजूर झाला तरी जामीनदाराच्या रेशन कार्डावरचा पत्ता जुळत नाही म्हणून माणूस आणखी एक रात्र आत राहतो. रोजनाम्यात काय लिहिलं गेलं यासाठी ज्युनियर बेंच क्लार्कच्या टेबलाशी उभा असतो. जामिनावरचा धडा आणि जामीन मिळूनही न सुटलेला माणूस यांतलं अंतर त्या एका खोलीत दिसतं. हायकोर्टातला युक्तिवाद पाहायला सगळे जातात. खालच्या कोर्टात कोणी मुद्दाम जात नाही, आणि जिथे मुद्दाम जावं लागतं तिथे माणूस महिन्यातून एकदा जातो. कोर्ट घराच्या वाटेवर असेल, तर तो आठवड्यातून दोनदा डोकावतो.

आता खोलीबद्दल. माझगाव, भायखळा, गिरगाव, लालबाग इथल्या बऱ्याच खोल्या पागडीच्या. म्हणजे तुम्हाला जागा दाखवणारे काका-काकू मालक नसतात, जुने भाडेकरू असतात, आणि महिना काही शे रुपये भाडं भरत असतात. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवायला मनाई आहे आणि त्याच कारणावरून मूळ भाडेकरूला घराबाहेर काढता येतं. लघुवाद न्यायालयात असे दावे ढिगाने आहेत. काका-काकू त्याच घरात राहत असतील आणि तुम्ही त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून एक कोपरा घेत असाल, तर गोष्ट वेगळी; पेइंग गेस्ट ही संज्ञाच कायद्यात त्या अर्थाने आहे. पण सबंध खोली तुमच्या ताब्यात देऊन ते नालासोपाऱ्याला राहायला जाणार असतील, तर त्यांच्या भांडणात तुमची खोली जाऊ शकते. सरळ विचारावं: जागा कोणाच्या नावावर, भाडेपावती कोणाच्या नावाची, मालकाची संमती लेखी आहे का. कायद्याच्या विद्यार्थ्याने हे विचारायला लाजू नये.

मालकीची जागा असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार होतो. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करावी लागत नाही, असं दलाल छातीठोक सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. याच भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. करार नोंदलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे कलम विद्यार्थ्याच्या बाजूचं आहे. कलम २४ मालकाच्या बाजूचं: मुदत संपून जागा सोडली नाही, तर दुप्पट शुल्काने भरपाई द्यावी लागते. खर्च काही फार नाही. महिना १५ हजार शुल्क आणि ५० हजार अनामत धरली, तर अकरा महिन्यांचे १ लाख ६५ हजार. अनामतीवर दरसाल १० टक्के दराने धरायचं व्याज साडेचार हजारांच्या आसपास. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे सव्वाचारशेच्या घरात. शहरात नोंदणी फी हजार रुपये. हे सगळं आता घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतं. दलाल पाच हजार सांगत असेल तर त्याला आकडेवार हिशेब मागावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणंही मालकाचं काम आहे. ते झालं की पोचपावतीची प्रत आपल्याजवळ ठेवावी, पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून तीच धावून येते.

इमारत मात्र कागदांपेक्षा आधी पाहावी. २७ सप्टेंबर २०१३ला पहाटे डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. ती खाजगी मालकाची नव्हती, महापालिकेची होती आणि तिच्यात पालिकेचेच कर्मचारी कुटुंबासह राहत होते. तळमजल्यावरच्या जागेत केलेल्या फेरफारांवर नंतर बोट ठेवलं गेलं. माझगावात खोली घेताना हे नाव आठवलं पाहिजे. म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढतं. तीत पत्ता शोधावा. लोखंडी टेकू लावलेला जिना, खांबांना गेलेल्या उभ्या भेगा, तळमजल्यावर चालू असलेली तोडफोड, यांपैकी काही दिसलं तर भाडं कितीही कमी असो, पुढे जावं. शक्य तर खोली पावसात पाहावी. भिंतीची ओल रंगाखाली जून ते सप्टेंबर लपत नाही, आणि गांधींना गिरगाव सोडायला लावणारी गोष्ट ओलच होती.

पाणी कधी येतं, हेही विचारायचं असतं. शहराच्या या भागात नळाला ठरावीक वेळी पाणी असतं. पहाटे पाच ते सातची वेळ असेल आणि सकाळी लवकर तास असतील, तर त्या दोन तासांत पाणी भरणं, अंघोळ, कपडे आणि डबा एकत्र येतात. खोलीवर तिघं असतील तर पाळ्या लावाव्याच लागतात. कोर्टात जाणाऱ्याला रोज स्वच्छ पांढरा शर्ट लागतो, म्हणून खालच्या इस्त्रीवाल्याची वेळ आणि दर ही चैनीची चौकशी नाही.

कोकणातल्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे. गिरणगावात गावकऱ्यांच्या मंडळांनी घेतलेल्या खोल्या असत. एकाच गावची माणसं पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. त्या खोल्या पुष्कळ गेल्या, काही अजून आहेत, आणि गावातून परीक्षेला किंवा नोकरीला आलेला मुलगा तिथे नाममात्र पैशांत राहू शकतो. गोव्याच्या लोकांचे असेच क्लब, ज्यांना ते कुड म्हणतात, धोबीतलावच्या जेर महालात अजून आहेत. बोटीवर जाणाऱ्यांसाठी ते सुरू झाले. आपल्या गावच्या मंडळाची मुंबईत खोली आहे का, हे आधी आजोबांच्या पिढीला विचारावं. अडचणी दोन: तिथे अभ्यासाची जागा नसते आणि मुलींना प्रवेश नसतो. पहिलीवर या भागाने स्वतःच तोड काढली आहे. लालबाग-परळच्या मंडळांच्या अभ्यासिका, वरळीची रस्त्याच्या दिव्याखालची अभ्यास गल्ली, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय. खोली झोपायला आणि टेबल दुसरीकडे, ही जोडी पुष्कळांना स्वस्तात पडते. जेवणाचा प्रश्न तर गिरणगावातल्या बायकांनी केव्हाच सोडवला होता. प्रेमा पुरवांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच वस्तीतून.

मुलींचा हिशेब वेगळा लावावा लागतो आणि तो कुणीही हलक्याने घेऊ नये. जून २०२३ मध्ये चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीची तिच्या खोलीतच हत्या झाली. संशय तिथल्याच कर्मचाऱ्यावर होता. सरकारी पाटी म्हणजे सुरक्षितता, हा पालकांचा समज त्या दिवशी मोडला. म्हणून मजल्यावर किती मुली खरोखर राहतात, रात्री महिला कर्मचारी असते का, दाराची कडी आतून भक्कम आहे का, हे स्वतः जाऊन पाहावं. आणि कायद्याच्या मुलींसाठी खास एक गोष्ट: फाटक किती वाजता बंद होतं? फोर्टातल्या चेंबरांत सीनियर कोर्टातून परतल्यावर संध्याकाळी आशिलांच्या भेटी सुरू होतात आणि आठ-साडेआठ सहज वाजतात. नऊचं फाटक असलेल्या वसतिगृहातली मुलगी नेमकी त्या वेळी उठून निघते. चांगली कामं मग मागे बसलेल्या मुलाकडे जातात. चेंबरच्या वेळेचं पत्र दिल्यास सवलत मिळते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारावं. तीन-चार मुलींनी मिळून डॉकयार्ड रोड किंवा भायखळ्याच्या वर्दळीच्या रस्त्यावर जागा घेणं हा पर्याय मला अनेकदा अधिक बरा वाटतो, अट एवढीच की स्टेशन ते घर ही वाट रात्री नऊनंतर चालून पाहिलेली असेल.

घर नाकारलं जाणं हा प्रकार आंबेडकरांच्या बडोद्यातल्या अनुभवाबरोबर संपला नाही. आडनाव, धर्म, जेवण, लग्न झालंय का, हे प्रश्न मुंबईत आजही विचारले जातात, आणि मुस्लिम व दलित विद्यार्थ्यांना ते जास्त वेळा सोसावे लागतात. संविधानाचा समतेचा हक्क मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतो. खाजगी गृहसंस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झोरास्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. हा निकाल वर्गात वाचताना ज्यांनी दोन महिने खोलीसाठी नकार ऐकले आहेत, त्यांना तो वेगळा कळतो. त्यांनी तो वर्गात बोलून दाखवावा.

पैशांच्या बाबतीत सरकारी योजना माहीत नसल्यामुळे फार नुकसान होतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईसाठी तिच्यात वर्षाला भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार, असे ६० हजार मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. लहान शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिले सहा महिने त्यांच्या भरवशावर खोली घेऊ नये. अर्ज मात्र वेळेत करावा. रेल्वेच्या पासाची विद्यार्थी सवलत घर ते कॉलेज एवढ्याच स्टेशनांत मिळते, हे घर ठरवताना लक्षात असू द्यावं.

सगळी वर्षं एकाच खोलीत काढायची गरज नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षं कला शाखेच्या विषयांचीही असतात. ज्याचं घर कल्याणला किंवा वसईला आहे, त्याने ती घरूनच करावीत, आईच्या हातचं खावं आणि वाचलेले पैसे बाजूला ठेवावेत. इंटर्नशिप खऱ्या अर्थाने सुरू होते ती तिसऱ्या वर्षापासून. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्यापासून. तेव्हा कोर्टाजवळ यावं. अख्ख्या कुटुंबाने काटकसर करून पहिल्या वर्षी चर्चगेटला खोली घेतलेली आणि शेवटच्या वर्षी, जेव्हा सीनियर रात्री थांबवतो तेव्हा, पैसे संपले म्हणून मुलाने विरार गाठलेलं, हा उलटा क्रम मी फार पाहिला आहे.

आणि नकाशा स्थिर नाही. हायकोर्टाच्या नव्या संकुलाची पायाभरणी नोव्हेंबर २०२५ मध्ये बांद्रा पूर्वेला झाली. आज पहिल्या वर्षाला बसणारी मुलं सनद घेऊन काही वर्षं वकिली करतील तोवर फोर्टातली बरीच वर्दळ तिकडे सरकलेली असेल, आणि तिच्यामागून चेंबरंही. फोर्टाच्या आतली महाग जागा धरून बसलेल्यांना तेव्हा पुन्हा हलावं लागेल. डॉकयार्ड रोडच्या फलाटावर मात्र आत्ताच वडाळामार्गे बांद्र्याला आणि पुढे गोरेगावला जाणारी हार्बर लोकल येते. गाडी बदलावी लागत नाही.